मशीन चालू आहे ना

शोरूममधल्या त्या मुलाने माझ्या कानावरून हेडफोन काढून घेतला तेव्हा मला त्याचा राग आला. तसं बघितलं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं, बावीस-तेवीस वर्षांचा साधा मुलगा, अदबीने बोलणारा, मी किती वेळ नुसतीच उभी होते म्हणून त्याने "मॅडम, दुसरा दाखवू का" असं विचारलं असणार आणि मला ते ऐकूच आलं नसणार, म्हणून त्याने हळूच दोन्ही हातांनी हेडफोन उचलला. आणि एकदम सगळं परत आलं. डोक्यावरच्या एसीची घरघर, भिंतीवर लावलेल्या दहा-बारा टीव्हींचा एकत्र कलकलाट, दार उघडलं की आत घुसणारा रस्ता. त्याच्याआधी एकदोन मिनिटं यातलं काही नव्हतं. मी गाणंबिणं लावलं नव्हतं, नुसतं बाहेरचा आवाज दाबायचं बटण चालू केलं होतं, आणि माझे खांदे आपोआप खाली आले होते. खांदे वर होते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

रिक्षातून घरी येताना मी त्या रागाचाच विचार करत होते. मुलावरचा तो राग नव्हता. घरी परत जायचंय याचा होता. आणि घरी आईशिवाय कोणी नसतं.

झालं असं की मी घरून काम करते, ऑडिओबुक तपासायचं. म्हणजे कोणीतरी स्टुडिओत बसून पुस्तक वाचलेलं असतं, मी समोर मजकूर ठेवून ते शब्दन् शब्द ऐकते, कुठे शब्द गळलाय, कुठे "पाणी"चा ण नीट लागला नाहीये, कुठे पान उलटल्याचा आवाज आलाय, कुठे पोटातली गुरगुर माइकने पकडलीय, हे वेळ टाकून लिहून पाठवते. कान हेच माझं अवजार. तर दोन महिन्यांत तीन वेळा असं झालं की मी लिहून पाठवलं, अमुक मिनिटापासून मागे बारीक घरघर येतेय, आणि तिकडून उत्तर आलं की आम्ही चार जणांनी ऐकलं, कुणालाच येत नाहीये. तिसऱ्या वेळी मी उत्तर वाचलं, कानातला जुना वायरचा हेडफोन काढला आणि घरघर तशीच चालू होती. आमच्या हॉलमध्येच होती ती. आईचं ऑक्सिजनचं मशीन.

चौदा महिने झाले ते घरात येऊन. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, कॉन्सन्ट्रेटर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला होता, तेव्हा आम्हाला लागला नाही, आता लागला. आईला आयएलडी आहे, फुप्फुसं हळूहळू कडक होत चाललीत. दिवसातले सोळा तास नाकाला नळी, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर. मशीन सिलिंडरसारखं भरावं लागत नाही, ते खोलीतलीच हवा ओढतं, आत झिओलाइट नावाच्या दाण्यांनी भरलेले दोन खांब असतात, ते दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात, एक खांब भरला की दुसऱ्यावर काम जातं आणि पहिला फुस्स करून नायट्रोजन सोडून देतो. म्हणून त्याचा आवाज एक नसतो, तीन असतात. खाली कॉम्प्रेसरची अखंड घरघर, दर काही सेकंदांनी फुस्स, आणि वर पाण्याच्या बाटलीतली गुडगुड. माहितीपत्रकावर ४५ डेसिबल लिहिलंय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागाला रात्रीची मर्यादाही ४५चीच आहे, म्हणजे कागदावर आमचं घर बरोब्बर काठावर. पण कागदावरचा ४५ आणि रात्री तीन वाजता उशाशी असलेला ४५ यात फरक असतो. आमचं वन बीएचके, सिंहगड रोडला, आईला हॉलमध्येच बरं वाटतं कारण तिथून गॅलरी दिसते, आणि माझं टेबलही हॉलमध्येच. मशीनपासून सहा फूट.

या आवाजाबद्दल मी कुणाकडे कधी तक्रार केली नव्हती. कशी करणार? तिचा श्वास आहे तो.

पण कामासाठी हेडफोन घ्यायचा म्हणलं की ते बोलायला सोपं जातं. मी यादी केली, रिव्ह्यू पाहिले, आणि शेवटी गाडी दोन नावांवर येऊन थांबली, दोन्ही सोनीचीच. एक साधा, सीएच ७२० एन, दहा हजारांच्या आतबाहेर. दुसरा वरचा, डब्ल्यूएच १००० एक्सएम ५, पंचवीस ते तीस हजारांच्या मध्ये कुठेतरी, सेल असेल तसा. मशीनचं भाडं आम्ही महिन्याला साडेचार हजार देतो, लाइटचं बिल वेगळं, कारण ते साडेतीनशे वॅट खातं म्हणजे सोळा तासांचे दिवसाला साडेपाच-सहा युनिट झाले. त्यामुळे माझ्या डोक्यात हल्ली सगळ्या किमती मशीनच्या भाड्यातच मोजल्या जातात. दोन हेडफोनमधला फरक चार महिन्यांचा होता.

शोरूममध्ये निर्णय झाला नाही म्हणून मी मागून आणले. वरचा एका मैत्रिणीचा, ती सारखी विमानाने फिरते, तिने आठ दिवसांसाठी दिला. साधा भाच्याचा, तो इंजिनीअरिंगला आहे, होस्टेलवर रूममेटच्या घोरण्यासाठी घेतलेला. त्याने देताना सांगितलं, मावशी, घोरणं पूर्ण नाही जात हां, पंखा जातो.

पंखा जातो, घोरणं जात नाही, यातच सगळं आहे खरं तर. हेडफोनला बाहेरून छोटे माइक असतात, ते बाहेरचा आवाज ऐकतात आणि आतला स्पीकर त्याच आवाजाची बरोब्बर उलटी लाट काढतो, इथे उंचवटा असेल तर तिथे खड्डा, दोन्ही एकमेकांत भरून सपाट होतात. पण हे जमायला आवाज संथ आणि एकसारखा लागतो, पंखा, इंजिन, एसी, कॉम्प्रेसर, खालच्या पट्टीतली सगळी घरघर. वरच्या पट्टीतल्या आणि अचानक येणाऱ्या आवाजांना गाठायला वेळ पुरत नाही, कुकरची शिट्टी, भांडं पडणं, हॉर्न, ते जे काय अडतात ते कानावरच्या गादीने अडतात. महाग हेडफोनमध्ये माइक जास्त असतात, एक्सएम ५ मध्ये आठ आहेत, गाद्या जाड आणि मऊ, त्यामुळे माणसांचे आवाजही बरेच दबतात. स्वस्तात घरघर कमी होते, बाकीचं थोडं थोडं येत राहतं.

हे सगळं वाचताना अमर बोस यांची गोष्ट वाचली. ब्रिटिशांच्या जाचातून निसटून अमेरिकेत गेलेल्या बंगाली क्रांतिकारकाचा हा मुलगा, एमआयटीत प्राध्यापक. १९७८ मध्ये झुरिचहून परतताना विमानात मिळालेले हेडफोन लावले तर इंजिनच्या आवाजात संगीत काही धड ऐकू येईना, तेव्हा तिथेच सीटवर बसून त्यांनी गणित मांडायला घेतलं. पुढे अकरा वर्षांनी, १९८९ ला, त्यांच्या कंपनीचा हेडसेट बाजारात आला, तो वैमानिकांसाठी. मला हे वाचून बरं वाटलं. वैमानिकाला शांतता नको असते, त्याला खालून बोलणारा माणूस ऐकायचा असतो. म्हणजे मुळात ही वस्तू ऐकण्यासाठीच झाली.

मलाही ऐकायचंच होतं. दोन गोष्टी. एक कामाचं. दुसरी आई.

आईला मोठ्याने हाक मारता येत नाही. तीन शब्दांचं वाक्य बोलली की थांबते, श्वास घेते, मग पुढचं. म्हणून उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असतो, काही हवं असलं की ती चमचा पेल्यावर वाजवते. त्याशिवाय मशीनची बीप. आमच्याकडे गुरुवारी बऱ्याचदा लाइट जाते, गेली की मशीन किंचाळतं, मग मी उठून नळी छोट्या सिलिंडरला लावते, चावी फिरवते, फ्लोमीटरची गोळी दोनच्या रेघेवर आणते, तोपर्यंत आई माझ्याकडे बघत असते, घाबरून नाही, नुसती बघत असते.

तर मी तिलाच सांगितलं, आपण परीक्षा घेऊ. मी पाठ करून बसेन, कानाला हेडफोन, आत पुस्तक चालू, तू मनाला येईल तेव्हा पेला वाजव, मला ऐकू आलं तर मी हात वर करेन. आई इतकी खूश झाली की काय सांगू. तिने कपाटातून बटणांचा डबा काढायला लावला, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, तिच्या शिवणकामाच्या दिवसांपासूनचा, त्यातनं दहा बटणं मोजून मांडीवर घेतली. हात वर आला की एक बटण वाटीत. नाही आला तर ते पांघरुणावर तसंच ठेवायचं. आधी साधा लावला. मशीनची घरघर बरीच बसली, गेली नाही, पातळ झाली, पावसाळ्यात खिडकी लावून घेतल्यावर पाऊस कसा दूर जातो तशी. फुस्स मात्र जवळजवळ तसंच. आणि निवेदक दोन वाक्यांत थांबला की कानात अगदी बारीक सळसळ यायची, ती हेडफोनची स्वतःची. दहापैकी नऊ बटणं वाटीत. मग वरचा. त्याचं बटण दाबलं आणि मला पुन्हा ते शोरूममधलं झालं, खांदे खाली. घरघर नव्हतीच. फुस्स होतं पण कापसात गुंडाळल्यासारखं. आणि वाचणाऱ्याचा आवाज, काय सांगू, त्या बाईंनी श्वास घेण्याआधी ओठ विलग केल्याचा आवाज येत होता, खुर्चीची कुरकुर येत होती, चौथ्या मिनिटाला स्टुडिओबाहेर कुणीतरी दार लावलं ते आलं. माझ्या कामासाठी हाच हेडफोन, यात शंकाच नव्हती. मी ऐकत राहिले. किती वेळ गेला कळलं नाही, मागे वळून बघितलं तर आई हसत होती आणि पांघरुणावर चार बटणं पडली होती.

"सहा," ती म्हणाली. आणि श्वास घेऊन, "छान आहे पण... तुझा चेहरा... सुटलेला दिसला."

चेहरा सुटलेला दिसला. हे तिच्याकडून ऐकणं मला जड गेलं. म्हणजे एरवी तो आवळलेला असतो आणि तो तिला रोज दिसतो, गॅलरीकडे बघताबघता.

घरात "मशीन" म्हणलं की आता ऑक्सिजनचं. आधी शिवणाचं होतं. बाबा लवकर गेले, आईने ब्लाउज आणि फॉल-पिकोवर घर चालवलं, आधी पायमशीन, मग मी चौथी-पाचवीत असताना त्याला मोटर बसवली. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस ते मशीन रात्री एक-दीडपर्यंत चालायचं. मी त्याच खोलीत झोपायचे, भिंतीकडे तोंड करून, माझ्यामागे पिवळा दिवा आणि ती घर्र, थांबून घर्र, मग लांब शिवणीची लांब घर्रर. शेजारच्या काकू म्हणायच्या, पोरीला झोप कशी लागते हो या आवाजात. मला दुसऱ्या कशात लागायचीच नाही. मामाकडे सुट्टीत गेले की पहिल्या रात्री जागी राहायचे, तिथल्या शांततेत मला भीती वाटायची. तेलाचा वास, कपड्याच्या नव्या कोऱ्या खळीचा वास, कात्रीचा तो लाकडावर कर्रकर्र आवाज आणि त्याच्या पाठीवर ती घर्र, याला मी बाहेरचा आवाज कधी म्हणलंच नाही. तेव्हा ते किती डेसिबल होतं देव जाणे, आत्ताच्या मशीनपेक्षा नक्कीच जास्त.

मग हा का सहन होत नाही मला? मी यावर खूप विचार केला त्या आठ दिवसांत. एक तर तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आता बेचाळीस, हे आहेच. पण दुसरं असं की त्या मशीनवर आई बसलेली असायची. ते तिच्या पायाने चालायचं, तिच्या हाताने थांबायचं. या मशीनला आई जोडलेली आहे. आवाज ऐकला की मला ते आकडे दिसतात, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९४, बाथरूमला जाऊन आली की ८७, मागच्या दिवाळीला दीड लिटर होतं, आता दोन. घरघर म्हणजे मला ही बेरीज ऐकू येते, दिवसभर, काम करताना, जेवताना. म्हणून मला ती बंद करायची होती. तिला कंटाळून नाही. पण हे दोन्ही वेगवेगळं आहे हे मध्यरात्री स्वतःला पटवता येत नाही.

सातव्या दिवशी, मैत्रिणीला परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या मनात आलं की मी सहा फुटांवर आहे, आई तर त्याच्या शेजारी आहे. तिला कोणी विचारलंच नाहीये. सोळा तास तिच्या डोक्याशी ते वाजतंय. मी म्हणलं आई, तू लावून बघ. ती नको नको म्हणत होती, केस विस्कटतील, गरम होईल, पण लावला. तिला लावणं सोपं नव्हतं, नाकातली नळी दोन्ही कानांमागून वळून पुढे येते, गादी बरोब्बर त्या नळीवर बसते, दाबली तर टोचते, सैल ठेवली तर फटीतून आवाज आत येतो. चष्मेवाल्यांना हाच त्रास होतो म्हणे. साध्याची गादी तिला लागली, जरी तो हलका आहे, १९२ ग्रॅम. वरचा २५० ग्रॅमचा, पण त्याची गादी इतकी मऊ की नळीभोवती नीट बसली. मी नळी थोडी वर सरकवली, तिच्या कानामागे नळीचा वळ पडलाय, लालसर, तो त्या दिवशी इतक्या जवळून बघितला. मग बटण दाबलं.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, बघ, हे चौदा महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं. मी मनात पैशाची जुळवाजुळव पण सुरू केली, एक तिच्यासाठी, वरचा, कसंही करून, किंमत तीन हजार सांगायची.

मग तिने डोळे उघडले आणि हाताने नाकाशी चाचपलं. नळीच्या तोंडाशी बोट धरलं. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मशीन चालू आहे ना?"

मी मान हलवली. हिरवा दिवा दाखवला. तिने परत बोट नाकाशी नेलं, हवा येतेय का बघायला. पुन्हा डोळे मिटले, पण आता कपाळावर आठी होती, दहा-पंधरा सेकंदांनी परत तेच, बोट नाकाशी. मग तिने स्वतःच हेडफोन काढला आणि घरघर परत आल्यावर तिचे खांदे खाली आलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले.

"मला तो आवाज लागतो," ती म्हणाली. थांबली. "रात्री लाइट गेली ना... की मी बीपच्या... आधी जागी होते. गप्प झालं की." मग थोडं पाणी प्यायली आणि हसून म्हणाली, "तू पण तशीच होतीस. मी मशीन थांबवलं की... उठून बसायचीस. म्हणून मी नुसतीच... चाक फिरवत बसायचे... तू परत झोपेपर्यंत."

हे मला माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं माहीत नव्हतं. काम संपल्यावर, दीड वाजता, सुईत दोरा नसताना, ती नुसतं चाक फिरवत बसायची.

मी काही बोलले नाही, हेडफोन त्याच्या डब्यात ठेवायला घेतला, तो एक्सएम ५ दुमडत नाही, सपाट करूनच ठेवावा लागतो, मला दोनदा उलटा बसला.

साधाच घेतला मी. तो चांगला आहे म्हणून नाही, वरचा जास्त चांगला आहे आणि माझ्या कामाला तोच योग्य होता, हे मला आजही वाटतं. रात्री कधीकधी फोनवर त्याचं पान उघडून बघते, किंमत उतरलीय का, आणि त्या दोन मिनिटांची आठवण येते, आणि ती नुसती चैन होती असं मी म्हणणार नाही. मला त्याची गरज आहे. गरज आहे आणि घेतला नाही, दोन्ही खरं. साध्यात माझं काम होतं, पुस्तकाच्या मागे आपली घरघर की त्यांची हे आता कळतं, कारण आपली एका जागी पातळ होऊन बसलेली असते, तिचा सूर मला पाठ झालाय. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू होतो तेव्हा मात्र कुठलाच हेडफोन पुरत नाही, ढोल कानाने ऐकू येत नाही, छातीत वाजतो, तेव्हा मी काम रात्रीवर ढकलते.

आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास मी गच्चीवर जाते आणि खालच्या काकू आईजवळ बसतात. हेही त्या आठ दिवसांतच ठरलं. गच्चीवर मी हेडफोन नेत नाही.

आणि चमच्याचं आता असं झालंय, दोनदा वाजवला तर चहा, तीनदा म्हणजे उठवून बसव. दुपारी अधूनमधून एकदाच वाजतो. एकदाचा अर्थ आम्ही कधी ठरवला नव्हता. पहिल्यांदा मी हेडफोन काढून वळले, काय गं, तर ती म्हणाली काही नाही. आता मी वळत नाही. पुस्तक पॉज करते, स्क्रीनकडे बघतच हात वर करते, आणि मागे वाटीत बटण पडतं.